उदबत्तीची काडी आणि रात्रीचा फोन

पुतणीने गणपती झाल्यावर नवा फोन घेतला आणि पंधरा दिवसांत तिचं डोकं उठायला लागलं. वडगावात राहते, बी.एड. करते, रात्री जेवणं आटोपली की अंथरुणात पडून फोनवरच नोट्स वाचते. "काका, जुन्या फोनवर चार-चार तास वाचत होतो, कधी काय झालं नाही. ह्यो नवीन अर्धा तास बघितलो की भुवयांच्या मधे कळ मारालीय." (बेळगावच्या मुली 'बघितलो'च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी हसू नये.)

वहिनीचं निदान तयारच होतं. "दिवसरात्र फोनात तोंड घालून बसल्यावर दुसरं काय होणार, भाऊजी?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. नंबर होता तेवढाच, बाकी सगळं ठीक. डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब दिले. थेंबांनी चुरचुर गेली, कळ राहिली.

मी काही डोळ्यांचा माणूस नव्हे. उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये वायरिंग आणि मोटरी बघण्यात तीस वर्षं गेली. पण तिच्या बोलण्यातल्या दोन गोष्टी डोक्यात राहिल्या. जुन्या फोनवर काही होत नाही, नव्यावर होतं. आणि दिवसा फारसं जाणवत नाही, रात्री ब्राइटनेस तळाला नेला की जास्त. डोळ्यांना बरं वाटावं म्हणून उजेड कमी करायचा आणि नेमकं तेव्हाच दुखणं वाढायचं, हे ऐकून मला आमचं जुनं लेथ, धातू फिरवून कातायचं यंत्र, आठवलं.

चोक आणि स्टार्टरवाल्या ट्यूबलाइटचा काळ. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, आणि प्रत्येक फेऱ्यात ट्यूब दोनदा मंदावते. म्हणजे सेकंदाला १०० वेळा उजेड कमी-जास्त. डोळ्याला यातलं काही दिसत नाही, उजेड सलग वाटतो. पण लेथवरचा तुकडा पकडून फिरवणारा तीन जबड्यांचा चक मिनिटाला बरोबर २००० फेऱ्यांनी फिरायला लागला, की सेकंदाच्या शंभराव्या भागात तो पाव नाही, अर्धा नाही, नेमका एक तृतीयांश फिरतो. प्रत्येक उजेडाच्या वेळी आधीच्या जबड्याच्या जागी पुढचा जबडा येऊन उभा. बघणाऱ्याला चक थांबल्यासारखा दिसतो. जुने टर्नर नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायचे, "बंद दिसतंय म्हणून हात घालू नको रे." आम्ही इलेक्ट्रिकवाले मग शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायचो, आर, वाय आणि बी. एक मंदावली की दुसरी पेटलेली. आणि लेथच्या डोक्यावर एक साधा पिवळा बल्ब. त्याची तार इतकी तापलेली असते की शंभराव्या भागात ती गार व्हायला वेळच मिळत नाही, उजेड थोडासाच हलतो.

सलग वाटणारा उजेड सलग असतोच असं नाही, एवढं त्या लेथने शिकवलं होतं. आता फोन.

फोनच्या पडद्यांच्या ढोबळ दोन जाती. एलसीडीत मागे एक दिवा कायम पेटलेला असतो आणि पुढे लाखो बारीक झरोके. चित्र म्हणजे कुठला झरोका किती उघडला याचा हिशेब. ओएलईडीत मागे दिवा नाही, पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतःच एक दिवा. म्हणून त्यातला काळा रंग खरा काळा, ठिपका सरळ विझवलेला. पुतणीचा जुना फोन एलसीडी, नवा ओएलईडी. हल्ली मधल्या किमतीच्या वरचे जवळजवळ सगळेच फोन ओएलईडी.

दिवा मंद करायचा तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे करंट कमी करायचा. गॅस बारीक करतो तसं. दुसरी वाट अशी, की गॅस मोठाच ठेवायचा आणि उतू जाणाऱ्या दुधाचं पातेलं उचलायचं-ठेवायचं, उचलायचं-ठेवायचं. दुधाला बसणारी आच शेवटी तेवढीच. बहुतेक ओएलईडी फोन दुसऱ्या वाटेने जातात. ठिपके सेकंदाला काहीशे वेळा पेटवायचे आणि विझवायचे. पेटलेला वेळ जास्त ठेवला की पडदा उजळ दिसतो, विझलेला वेळ जास्त ठेवला की मंद. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात, पीडब्ल्यूएम. उद्यमबागेत हे नाव नवीन नाही. मोटरीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हमध्ये हीच युक्ती असते, आणि ड्राइव्हवर चालणारी मोटर जी बारीक शीळ घालते ती याच तोडातोडीची. पण मोटरीची कॉइल करंटचे ते तुकडे सांधून गुळगुळीत करून घेते. डोळाही उजेडाचे तुकडे सांधतो, मात्र त्याच्या सांधण्याला मर्यादा आहे.

आकडे घालून बघू. पुष्कळ ओएलईडी फोन सेकंदाला २४० वेळा लुकलुकतात. एका लुकलुकीला साधारण ४ मिलिसेकंद. पाव उजेड हवा असेल तर त्यातला १ मिलिसेकंद पडदा पेटतो आणि ३ मिलिसेकंद काळा राहतो. ब्राइटनेस आणखी खाली न्याल तसा पेटलेला वेळ आकसत जातो. सगळा पडदा एकदम विझतो असंही नाही, काळे पट्टे वरून खाली सरकत जातात. पण वाचणाऱ्याची नजर ज्या ओळीवर आहे ती ओळ तर पेटते-विझतेच. पुतणी अंधारात, पांघरुणात, ब्राइटनेस तळाला नेऊन जे पान वाचत होती, ते बराचसा वेळ काळंच होतं.

कंपन्या असं का करतात? ओएलईडीला करंट फार कमी दिला की लाल, हिरवा आणि निळा ठिपका एकाच प्रमाणात मंदावत नाहीत. पांढरं पान कुठे हिरवट, कुठे गुलाबी दिसायला लागतं, राखाडी जागी डाग उठतात. पूर्ण करंट देऊन नुसतं चालू-बंद केलं तर रंग जागेवर राहतात. दुकानात रंग दिसतात, लुकलुक दिसत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला काय आवडणार हे उघड आहे.

न दिसणाऱ्या लुकलुकीने डोकं कसं दुखेल, हा प्रश्न वहिनीने विचारला आणि तो रास्त आहे. दिवा सेकंदाला ५० ते ९० वेळांच्या पुढे लुकलुकायला लागला की माणसाला तो सलग पेटलेला वाटतो. पण 'वाटतो' ही मेंदूतली गोष्ट झाली. डोळ्याच्या मागचा पडदा, नेत्रपटल, त्याही पुढे शंभरावरच्या लुकलुकीला विजेचा प्रतिसाद देत राहतो, हे मोजून पाहिलेलं आहे. आपल्याला कळत नाही, डोळ्याला कळत असतं.

दुसरी गोष्ट वाचण्याची. वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, टुणटुण उड्या मारते, सेकंदाला तीन-चार. त्या उडीच्या क्षणी समोरचा उजेड तुटक असेल तर नेत्रपटलावर सलग रेघेऐवजी ठिपक्यांची माळ उमटते. स्वतः बघायचं असेल तर रात्री काँग्रेस रोडला उभं राहा. (१९२४ च्या अधिवेशनाची आठवण म्हणून हे नाव. गांधीजी अध्यक्ष होते ते काँग्रेसचं एकमेव अधिवेशन बेळगावचं, हे सांगितल्याशिवाय बेळगावकराला पुढे जाववत नाही.) समोरून निघून जाणाऱ्या गाड्यांच्या एलईडी टेललाइटवरून नजर झटकन डावीकडून उजवीकडे फिरवा. काही गाड्यांचा दिवा लाल रेघ सोडतो, काहींचा लाल मण्यांची माळ. माळ सोडणारा दिवा लुकलुकणारा. उडी मारणाऱ्या डोळ्याला अशी माळ सेकंदाला हजारच्या पुढच्या लुकलुकीतही दिसू शकते, त्यामुळे '९० च्या पुढे सगळं सारखंच' हा युक्तिवाद टिकत नाही.

डोकेदुखीपर्यंतचा धागा ट्यूबलाइटवरच्या एका जुन्या प्रयोगात सापडतो. १९८९ साली ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालयांत दोन तऱ्हेच्या ट्यूब पाळीपाळीने लावल्या. एक आपली चोकवाली, शंभराने लुकलुकणारी. दुसरी इलेक्ट्रॉनिक चोकची, सेकंदाला सुमारे ३२,००० वेळा चालणारी, म्हणजे जवळजवळ सलग. कुठली केव्हा लावली आहे हे बसणाऱ्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या ट्यूबखाली डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरीने निम्म्याहून खाली आला. मला त्यातली एक बारीक गोष्ट फार आवडते. लोकांनी न सांगता ती दुसरी ट्यूब जास्त वेळ चालू ठेवली, सुमारे ३० टक्के जास्त. का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

फोनचा पडदा म्हणजे ट्यूब नव्हे, हे मान्य. पण तुलनेला एक मोजपट्टी हाताशी आहे. अमेरिकेतल्या आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ मध्ये एलईडी दिव्यांसाठी मार्गदर्शक आकडे दिले. त्यांचा सारांश असा, की लुकलुक जितकी जलद तितकी ती खोल असली तरी चालते. दिवा पूर्ण पेटून पूर्ण विझत असेल तर जोखीम कमी धरायला सेकंदाला १२५० लुकलुकी हव्यात, आणि काहीच परिणाम नाही म्हणायला ३०००. २४० वर राहायचं तर उजेड फार तर १९ टक्क्यांच्या आसपास हलावा. मंद केलेले पुष्कळ ओएलईडी २४० च्या आसपासच असतात आणि पार विझतात.

तरी सगळ्यांना त्रास होत नाही. माझाही फोन ओएलईडी आहे आणि मला ढिम्म काही होत नाही. ज्यांना अर्धशिशी आहे, ज्यांना ट्यूबच्या फडफडीने आधीपासून वैताग येतो, त्यांनी सावध असावं. पुतणीला लहानपणी जांबोटीच्या रस्त्याने जाताना झाडांतून चमकणाऱ्या उन्हाने मळमळायचं, जीपच्या मागच्या बाकावर डोळ्यांवर ओढणी घेऊन बसायची. ते आता आठवलं. फिट येणाऱ्यांना ज्या लखलखाटाची भीती असते तो मात्र वेगळा, सेकंदाला तीसच्या आतबाहेरचा, डोळ्याला स्वच्छ दिसणारा. दोन्हींची गल्लत नको.

आता काडीचं. हे मी पुतणीला तिच्याच खोलीत करून दाखवलं. उदबत्ती जळून उरलेली बांबूची काडी घ्यायची. खोलीत अंधार करायचा. फोनवर कोरं पांढरं पान उघडायचं, ब्राइटनेस रोज रात्री असतो तेवढा. मग पडद्याच्या वीतभर पुढे काडी झपाझप डावी-उजवी हलवायची, पंखा घातल्यासारखी. जुन्या फोनपुढे काडीचा नुसता धूसर पट्टा दिसला. नव्या फोनपुढे काडीच्या वीसेक काड्या झाल्या, वेगवेगळ्या, मोजता येतील अशा, मोराच्या पिसाऱ्यासारख्या. ती बघतच राहिली.

हिशेब सोपा आहे. हात सेकंदाला दोन मीटरने हलतो असं धरा. २४० लुकलुकींत ते अंतर वाटलं तर दोन काड्यांमध्ये ८ मिलिमीटर सुटतात, डोळ्याला स्वच्छ दिसतात. तीच लुकलुक ३८४० असेल तर अंतर अर्ध्या मिलिमीटरवर येतं, काडीच्या जाडीपेक्षा कमी, आणि पट्टा पुन्हा सलग. मोबाइल दुरुस्त करणारी पोरं दुसऱ्या फोनचा कॅमेरा स्लो मोशनला लावून काळे पट्टे दाखवतात. तेही चालतं. काडीला चार्जिंग लागत नाही.

मग मी ब्राइटनेस पूर्ण वर नेला आणि काडी पुन्हा हलवली. पिसारा फिका झाला. उपाय इथेच आहे, फक्त तो उलटा वाटतो. ब्राइटनेसची पट्टी वर ठेवायची, निम्म्याच्या बरीच पुढे, आणि पडदा दुसऱ्या मार्गाने मंद करायचा. अँड्रॉइडमध्ये, बारा नंबरच्या आवृत्तीपासून, 'एक्स्ट्रा डिम' नावाची सोय आहे. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'रिड्यूस व्हाइट पॉइंट'. या सोयी पांढऱ्याचाच राखाडी करतात, दिवे तोडत नाहीत. ऑटो ब्राइटनेस बंद करावा लागतो, नाहीतर तो आपलं सगळं केलेलं पुसून टाकतो. काही फोनच्या सेटिंगमध्ये 'डीसी डिमिंग' किंवा 'फ्लिकर रिडक्शन' असं बटण असतं, म्हणजे गॅस बारीक करायची वाट. ते चालू केल्यावर गडद रंग थोडे घाण दिसतील, दिसू द्या. २०२५ च्या आयफोन १७ पासून ॲपलनेही लुकलुक थांबवायची वेगळी सोय दिली आहे. काहीही केलं तरी शेवटी काडी हलवून बघा, फोन बदलला की वागणंही बदलतं.

डार्क मोडने लुकलुक थांबत नाही, पेटलेला भाग तेवढा कमी होतो. आणि खडेबाजारात टेम्पर्ड काचेबरोबर गळ्यात मारतात तो 'अँटी ब्लू' प्रकार या दुखण्यावर कामाचा नाही. लुकलुक निळ्याचीही तीच आणि पिवळ्याचीही तीच. निळा उजेड अडवणाऱ्या चष्म्यांवरचे १७ प्रयोग कॉक्रेन या वैद्यकीय प्रयोग पडताळणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये एकत्र तपासले. थोड्या काळाच्या वापरात डोळ्यांचा ताण त्यांनी कमी होतो असं काही हाती लागलं नाही.

पुतणीचा फोन बदलून मिळतो का बघायला आम्ही दुकानात गेलो होतो. दुकानदार कन्नड-मराठी एकाच वाक्यात बोलणारा, आपल्याकडचा अस्सल. लुकलुक म्हटल्यावर म्हणाला, "इल्ल री काका, हा एकशे वीस हर्ट्झचा आहे, एकदम स्मूथ." तो खोटं बोलत नव्हता, वेगळंच काही सांगत होता. १२० हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं. उजेड किती वेळा तुटतो हा दुसराच आकडा, तो पेटीवर क्वचितच छापलेला असतो. जिथे छापतात तिथे १९२०, २१६०, ३८४० असे मोठे आकडे दिसतात आणि ते चांगलेच आहेत, पण काही फोन मोठा आकडा फक्त कमी ब्राइटनेसला वापरतात आणि वर गेलं की छोट्यावर येतात. शिवाय उजेड किती खोल जातो हे त्या आकड्यातून कळत नाही. मी खिशातून काडी काढली. दुकानाच्या झगझगाटात काही धड दिसेना, म्हणून डेमोचे दोन फोन काउंटरखाली अंधारात धरून बघितले. एकात पिसारा, एकात पट्टा. दुकानदारही वाकला. "हौद्री काका, खरंच की!" फोन काही बदलून मिळाला नाही.

हे सगळं वाचून प्रत्येक डोकेदुखीला पीडब्ल्यूएमचं लेबल लावू नका. माणूस एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो, पडद्याकडे बघताना हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, ते फोन कुठलाही असो. फोन नाकापासून वीतभर धरला की डोळ्यांचे स्नायू तासन्‌तास आवळलेले राहतात. चष्म्याचा नंबर बदललेला असतो आणि आपण चालढकल करतो. म्हणून आधी डोळे तपासून घ्या. मग आठवडाभर तेच वाचन, त्याच वेळी, काडीपुढे सलग पट्टा दाखवणाऱ्या एखाद्या एलसीडी फोनवर करून बघा. तिथेही डोकं तेवढंच दुखलं तर नव्या फोनच्या लुकलुकीला दोष नाही. पुतणीने असं केलं. एलसीडीवर कळ गेली, पण पूर्ण नाही, आणि हे माझ्या हिशेबात बसेना.

तिसऱ्या दिवशी तिनेच शोधून काढलं. काडी हातात आल्यापासून ती घरभर हलवत फिरत होती. टीव्हीपुढे, देवघरातल्या चिनी माळेपुढे, आणि अभ्यासाच्या टेबलावरच्या एलईडी बल्बखाली काळ्या वहीवर धरून. बल्बखाली पिसारा. स्वस्त बल्बांच्या आत उजेड सांधणारा नीट ड्रायव्हर नसतो, विजेच्या चालीने ते शंभराने लुकलुकतात, आमच्या चोकवाल्या ट्यूबपेक्षाही खोल. म्हणजे संध्याकाळी टेबलावर शंभराची लुकलुक आणि रात्री पांघरुणात दोनशे चाळीसची.

आता ब्राइटनेस वर आणि एक्स्ट्रा डिम चालू अशी तिची सोय बसली आहे. लांबलचक नोट्स ती जुन्या, कोपऱ्यात तडकलेल्या एलसीडीवरच वाचते. नवा फोन फोटोला. बल्बासाठी माझ्याकडे आली तेव्हा माळ्यावर साठ वॅटचे दोन पिवळे बल्ब पडून होते, लेथच्या काळातले, रद्दीच्या कागदात गुंडाळलेले. एक तिने नेला. तासाभरात वहिनीचा फोन आला, "भाऊजी, ही काय ते जुनं वीज खाणारं लावून बसलीय. बिल तुम्ही भरणार काय?"